पेटी नक्की कुणाची?

मागच्या महिन्यात आमच्या कुणकेश्वरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरदार वाद रंगला. विषय होता, भजनात की-बोर्ड चालेल का? एका आजोबांनी व्हॉइस मेसेज टाकला, "पेटी आपली हा. ह्यो की-बोर्ड खयसून इलो?" मग काय, अंगठे, हसणारे चेहरे आणि रात्रभर मेसेज.

मी मात्र 'पेटी आपली' या दोन शब्दांपाशीच अडकलो. कारण पेटीचा जन्मदाखला काढला तर त्यावर गाव लिहिलंय पॅरिस.

१८४० च्या दशकात अलेक्झांडर दबँ नावाच्या फ्रेंच कारागिरानं 'हार्मोनियम' या नावानं वाद्याचं पेटंट घेतलं. ती पेटी आपल्या पेटीसारखी नव्हती. समोर खुर्चीवर बसायचं, पायांनी भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचं. मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चला आणि घरांना ती सोयीची पडली. मिशनरी आणि इंग्रज साहेबांसोबत ती हिंदुस्थानात आली.

इथे एंट्री होते कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांची. १८७५ मध्ये त्यांनी 'द्वारकिन' ही वाद्यांची कंपनी सुरू केली आणि पुढे हातानं भाता मारायची पेटी बनवली. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यातला विचार फार आवडतो. आपला गवई जमिनीवर मांडी घालून बसतो, म्हणजे पाय मोकळे नाहीत. पण आपल्या संगीतात एका वेळी एकच सुरावट चालते, युरोपसारखे चार-चार सूर एकत्र वाजत नाहीत. म्हणजे एक हात रिकामा! मग भाता मागे लावा आणि तो हात त्याच्यावर ठेवा. पाय गेले, खुर्ची गेली, किंमत उतरली, आणि पेटी डोक्यावर घेऊन घाट उतरता येऊ लागला. आतले सूर, म्हणजे पितळी पट्ट्या, बरीच वर्षं जर्मनीतून यायचे. नंतर गुजरातेत पालिताण्याला बनू लागले.

मराठी रंगभूमीनं पेटीला उचलून धरलं. सांगवड्याचे गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच. कोकणात पेटी दशावतारात शिरली. तिथे तर संवादच आयत्या वेळी सुचतात, हातात संहिता नसते. नट कुठल्या क्षणी गायला लागेल हे पेटीवाल्याला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. डबलबारीत बुवा स्वतःच पेटी वाजवतात, स्वतःच गातात आणि समोरच्या बुवांना टोलाही हाणतात. महाशिवरात्रीच्या जत्रेला कुणी आलं असाल, तर पेटी, पखवाज, झांज आणि मागून समुद्राची गाज हे मिश्रण मी वेगळं सांगायला नको.

आता ट्विस्ट. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली. दिल्लीच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला सक्त विरोध. एक इंग्रज आणि एक बंगाली कवी, दोघांचं एकच म्हणणं : हे वाद्य हिंदुस्थानी संगीत बिघडवतंय.

आणि खरं सांगू? तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. समजा सा २४० हर्ट्झवर आहे. तंबोऱ्याशी नीट जुळणारा शुद्ध गंधार येतो ३०० वर. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा गंधार येतो साधारण ३०२.४ वर. फरक छोटा वाटतो, पण हेडफोन लावून दोन्ही एकत्र वाजवा, सूर थरथरताना ऐकू येतील. त्यात पेटीवर मींड नाही. एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. गळ्याच्या जवळ जाणारी सारंगी मागे पडत गेली, त्यात पेटीचाही हात आहे. हे नुकसान मी लहान मानत नाही.

पण बंदी चुकली असं माझं ठाम मत आहे. रेडिओनं दार लावलं तरी गावोगावची भजनं, कव्वाली, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन पेटीवरच चालू राहिलं. १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली, साथीला परवानगी मिळाली. एकल वादनाला मात्र त्यानंतरही बराच काळ नाही. त्याच एकल वादनाला मान मिळवून देणाऱ्यांपैकी एक आपले शेजारी, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

गंमत बघा. पेटीविरोधी गवयालासुद्धा पट्टी विचारली तर तो म्हणणार, "काळी एक." किंवा "पांढरी चार." म्हणजे स्वतःच्या गळ्याचा पत्ता तो पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतो!

मग ही पेटी परत युरोपला निघाली. १९८५ मध्ये नुसरत फतेह अली खान इंग्लंडच्या 'वोमॅड' महोत्सवात गायले, पार्टीत अर्थातच पेट्या. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली. आफ्रिकेच्या, आशियाच्या रेकॉर्ड दुकानात कुठल्या फळीवर ठेवायच्या हा त्यांचा प्रश्न. त्यांनी नाव ठरवलं, 'वर्ल्ड म्युझिक'. पॅरिसमध्ये जन्मलेलं वाद्य शंभर-दीडशे वर्षांनी युरोपातच 'वर्ल्ड'च्या फळीवर विकायला. इतक्या प्रवासात त्याचा सा मात्र बदलला नाही.

तर की-बोर्डवाल्यांनो आणि पेटीवाल्यांनो, भांडा, पण 'खयसून इलो' यावर नको. की-बोर्डला भाता नाही. बुवा गाता गाता हवा कमी-जास्त करून सूर फुगवतात, दाबतात, ते त्यावर कसं जमणार? हा खरा मुद्दा आहे, आणि त्यावर माझं मत पेटीच्या बाजूनं आहे. की-बोर्डवाल्यांकडे उत्तर असेल तर वाजवून पाठवा.

तुमच्या गावच्या बुवांची जुनी पेटी असेल तर त्यांना विचारून वरची फळी उघडा, सुरांवर कुठल्या गावाचं नाव कोरलंय ते बघा आणि फोटो टाका. पुढच्या भागात सारंगीवाल्यांकडे जाऊया.