वऱ्हाडांतील आगीची वर्दी



माझ्या लहानपणीं अकोल्यास जिनिंगचा भोंगा हेंच आमच्या आळीचें घड्याळ होतें. तो अवेळीं वाजला म्हणजे चुलीपुढें बसलेल्या बायकासुद्धां दारांत येऊन उभ्या राहत. अवेळीं वाजणाऱ्या भोंग्याचा अर्थ एकच असे: कोठेंतरी कापूस पेटला. त्या भोंग्याची जागा आज एका लहानशा डबीनें घेतली आहे. त्या डबीविषयीं, आणि तिची निगा राखणाऱ्या माणसाविषयीं, आज मला बोलावयाचें आहे.

भोंग्याच्याहि पूर्वीं वऱ्हाडांत हें काम जागल्याचें होतें. रात्रीं गस्त घालावी, चोर किंवा धूर दिसला कीं हाळी द्यावी. गवताच्या छपरांच्या गांवाला एवढी व्यवस्था पुरत असे, कारण जळावयास फार कांहीं नव्हतेंच. पुढें कापसाचा व्यापार वाढला. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लाख बैलांवर लादलेला कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, असें सांगतात. १८५३ मध्यें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६७ मध्यें रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली, १८७० मध्यें जलंबहून खामगांवास फांटा गेला, आणि १८८६ मध्यें कारंजास कापसाचा कायद्यानें नियंत्रित असा बाजार सुरू झाला. घरोघरच्या रेच्यावर निघणारी सरकी आतां वाफेच्या यंत्रावर निघूं लागली. जो कापूस पूर्वीं शंभर घरांत विखुरलेला असे, तो एका पत्र्याच्या छपराखालीं येऊन पडला. वैभव आणि धोका असे एकाच गाडींतून आले.

कापसाची आग लबाड असते. वेचणीच्या वेळीं कापसांत खडा, खिळा, क्वचित् कोणाच्या खिशांतली काडी येते. तो खडा जिनाच्या पात्यावर आपटला कीं ठिणगी उडते. ती रुईंत शिरते, आणि ज्वाळा न दाखवितां आंतल्या आंत धुमसत राहते. गांठ बांधली गेली तर ही धुमस कित्येक तास, प्रसंगीं कित्येक दिवस टिकते. वरून पाणी ओतावें तर दाबलेल्या गांठीच्या पोटांत तें सहज शिरत नाहीं. म्हणून कापसाच्या बाबतींत आग विझविण्याच्या विद्येपेक्षां आग ओळखण्याची विद्या मोठी.

ही गोष्ट मुंबईनें फार महाग किंमत देऊन शिकली. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या सुमारें ८,७०० गांठी होत्या आणि सुमारें १,४०० टन दारूगोळा होता. (कापूस कराचीस चढविलेला होता, वऱ्हाडचा नव्हे.) दुपारीं दोनच्या सुमारास खलाशांना आग कळली, पण त्यापूर्वींच धुराची रेघ कांहीं जणांच्या दृष्टीस पडली होती, व कोणी ओरडलें नाहीं. पुढची हकिकत मला अधिक बोचते. मोठ्या आगीची वर्दी टेलिफोनवरून द्यावयाची होती. पण निरोप्यास जो टेलिफोन सांपडला त्याला तबकडी नव्हती, म्हणून त्यानें भिंतीवरील धोक्याच्या घंटेची कांच फोडली. त्या घंटेला ‘आग’ एवढाच शब्द ठाऊक होता, ‘मोठी आग’ हा नव्हता! नियमाप्रमाणें दोनच बंब निघाले. चार वाजून गेल्यावर जहाज उडालें. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशीं कामास आले.

अशा घंटांचा इतिहास तसा जुना आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं १८५२ मध्यें तारायंत्रानें आगीची वर्दी देणाऱ्या पेट्या बसल्या. पण पेटीची कळ फिरविण्यास जागा माणूस लागतोच. ती अडचण पुढें उष्णता ओळखणाऱ्या यंत्रांनीं दूर केली, आणि विसाव्या शतकांत धूर ओळखणारें यंत्र आलें. आज आपण छताला जी पांढरी डबी पाहतों, तिच्या पोटांत बहुधा एक अंधारी कोठडी व प्रकाशाचा एक किरण असतो. धूर आंत शिरला कीं किरण विखुरतो, विखुरलेला प्रकाश आंतल्या डोळ्यावर पडतो, व घंटा वाजते.

माझा एक जुना विद्यार्थी अमरावतीस राहून हींच यंत्रें बसवितो व त्यांची देखभाल करतो. वऱ्हाडांत हें काम पुस्तकाबरहुकूम होत नाहीं, असें तो म्हणतो. जिनिंगमध्यें तंतूंची धूळ इतकी कीं धुराची डबी तिलाच धूर समजते. तेथें उष्णतेची डबी लावावी, तर वैशाखांत बाहेरच पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापल्या पत्र्याखालीं हलक्या मापाची डबी आगीवांचूनच ओरडेल. उन्हाळ्यानें बॅटऱ्याहि लवकर मरतात. नेमकी वीज गेली असतां आग लागली तर घंटा मुकी. म्हणून शिडीवर चढून एकेक डबी उघडावी, पुसावी, तिच्यावर खोटा धूर सोडून पाहावा. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें दर जानेवारी व जुलैमध्यें परवानाधारक संस्थेनें ही व्यवस्था चालू असल्याचें प्रमाणपत्र द्यावयाचें असतें. शिडीवर न चढतांहि कागदावर सही होऊं शकते, हें सांगावयास नकोच.

आतां माझ्या हातून घडलेलें सांगतों. निवृत्तीनंतर कांहीं काळ एका वसतिगृहाची व्यवस्था मजकडे होती. तेथील घंटा रात्रीं-बेरात्रीं विनाकारण वाजे, मुलें दचकून उठत, पालकांचीं पत्रें येत. एके रात्रीं संतापून मीं ती बंद करविली. ‘तात्पुरती’ म्हणालों होतों. तीन महिने गेले. नंतर ९ जानेवारी २०२१ ची पहाट आली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागून दहा बाळें दगावलीं. तें वर्तमान ऐकलें आणि मला त्या बंद केलेल्या कळीची आठवण झाली. मीं त्याच दिवशीं या विद्यार्थ्यास बोलावून घेतलें.

त्यानें पॅनेल पाहिलें. कळ कोणाच्या हुकुमानें बंद झाली, हें मीं सांगितलें. तो म्हणाला, “गुरुजी, ओरडणाऱ्या पोराला तुम्ही वर्गाबाहेर काढीत नव्हतां, आधीं कां ओरडतो तें पाहत होतां.” मग त्यानें शिडी लावली, तिसऱ्या खोलीतली डबी उतरविली, आणि ती माझ्यापुढें उघडून धरली. आंत कोळ्याचें एक जाळें होतें; बस्स, तेवढेंच. त्यानें तें कुंचल्यानें झाडलें, डबी परत बसविली, आणि मुलांना आधीं न सांगतां खालून धूर सोडला. घंटा वाजली. अंगावर चादरी गुंडाळलेलीं मुलें अंगणांत जमलीं, आणि मी दाराशीं उभा राहून तीं मोजूं लागलों.