सुरतेतील प्राण्यांचे इस्पितळ : रचना आणि हेतू

मुघलकालीन सुरतेचा इतिहास शिकविताना बंदर, हाजयात्रेकरूंची जहाजे, युरोपीय वखारी आणि १६६४ व १६७० मधील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या यांवर भर दिला जातो. याच शहरातील प्राण्यांच्या इस्पितळाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. शहरजीवन समजून घेण्यासाठी ही संस्था महत्त्वाची आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मगुरू जॉन ओव्हिंग्टन १६९० मध्ये सुरतेस आला. १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने शहरापासून मैलभराच्या आतील एका मोठ्या इस्पितळाची माहिती दिली आहे. आजारी, लंगड्या व म्हाताऱ्या गाई, घोडे, शेळ्या आणि कुत्री तेथे ठेवीत. खर्च बनिया व्यापारी करीत. अठराव्या शतकात जेम्स फोर्ब्सने तेथील रचनाही नोंदविली. उंच भिंतींनी वेढलेली विस्तीर्ण जागा आणि आत प्राण्यांसाठी वेगवेगळी अंगणे, असे ते वर्णन आहे. तेथे घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, माकडे व पक्षी होते. एक कासव तर ७५ वर्षांपासून तेथे असल्याचे सांगत.

या रचनेची तुलना दोन व्यवस्थांशी करता येईल. पहिली अकबराच्या दरबारातील. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फज्लने बादशहाच्या १२,००० हरणांचा उल्लेख केला आहे. त्यांचे वर्ग पाडलेले होते, पैदाशीची वेगळी सोय होती आणि पीठ, तूप व गवत यांचा शिधा वर्गानुसार ठरलेला होता. दुसरी व्यवस्था आजची, उत्तर अमेरिकेत एल्क हे मोठे हरीण पाळणाऱ्यांची. तेथे सुमारे ८ फूट उंच जाळीचे कुंपण, वेगवेगळे वाडे आणि औषधोपचारासाठी जनावर अडविण्याची अरुंद वाट आवश्यक मानली जाते.

आवार, विभागणी आणि चारापाणी या गरजा सर्वत्र सारख्याच आहेत. फरक हेतूचा आहे. दरबारी हरणे शिकारीसाठी व झुंजींसाठी होती. एल्क शिंगांसाठी व मांसासाठी पाळतात. सुरतेच्या इस्पितळात प्राण्याकडून काहीच मिळवायचे नव्हते. म्हणूनच तेथे खर्च होता, उत्पन्न नव्हते. अशी संस्था टिकवायची तर व्यापाऱ्यांचे सातत्यपूर्ण दान आणि नगरातील स्थैर्य या दोन्ही गोष्टी लागतात.

ओव्हिंग्टन आला तेव्हा औरंगजेबाचे राज्य होते आणि सुरतेचा कारभार मुघल अधिकाऱ्यांच्या हाती होता. त्याच नगरात जैन-हिंदू व्यापाऱ्यांची ही संस्था उघडपणे चालू होती. एका संस्थेवरून संपूर्ण राजवटीच्या धार्मिक धोरणाविषयी निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. तथापि, सत्ता एका समाजाची आणि संस्थाजीवन अनेक समाजांचे, हे या बंदराचे वास्तव होते, एवढे निश्चित म्हणता येते.

युरोपीय प्रवाशांनी या इस्पितळाकडे बहुधा कुतूहलाने किंवा उपहासाने पाहिले. ढेकूण-पिसवांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवीत, ही हकीकत त्यांनी आवर्जून सांगितली. त्यामुळे भिंती, अंगणे आणि रोजचा चारा यांची व्यवस्था मागे पडली. विद्यार्थ्यांसमोर ही साधने ठेवताना प्रवाशाने काय पाहिले आणि त्याला काय विचित्र वाटले, या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविणे आवश्यक आहे.