त्रिस्सिनोची यंत्रे लोट्यात

कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ एकदा बसली की ती आगीला, आम्लाला दाद देत नाही. मध्ये ऑक्सिजनचे दुवे घालून साखळी लांबविली, म्हणजे फ्लोरिनयुक्त पॉलिईथरचे तेल होते. निर्वात-पंपांना आणि अंतराळयानांना तेच लागते. पण जे यंत्रात झिजत नाही, ते विहिरीत तरी कसे झिजावे?

इटलीतील त्रिस्सिनो गावी मार्झोत्तो या लोकरवाल्या घराण्याने १९६५ मध्ये याच कुळातील द्रव्यांची प्रयोगशाळा काढली. तिचाच पुढे 'मितेनी' कारखाना झाला. हॉलंडहून येणारे टाकाऊ फ्लोरिन-ईथरही तेथे शुद्ध करीत. २०१३ मध्ये व्हेनेतोच्या भूजलात ही कुळी सापडली. तीन लाखांवर माणसांचे पाणी नासले होते. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे वाजले. २०१९ मध्ये लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने यंत्रे लिलावात घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुरामला आली. विचेन्झाच्या न्यायालयाने २०२५ मध्ये ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरविले.

यंत्रे निर्दोष, हे मला मान्य. परंतु लोटे वसाहतीचे सांडपाणी दाभोळच्या खाडीत सोडले जाते, आणि तिथल्या भोयांची जाळी त्याच पाण्यात पडतात. पाण्यात काय उतरते ते मोजून चारचौघांत सांगा, असे त्यांनी म्हटले तर त्यात वावगे काय?