इसेचें नित्य नवें देवालय

जपानांतील इसे येथें मुख्य मंदिरें दोन आहेत. आंतलें सूर्यदेवता अमातेरासु हिचें आणि बाहेरचें अन्नदेवता तोयोउके हिचें. इसुझु नदीवरील लांकडी उजी पूल ओलांडून, उंच वृक्षांच्या छायेंतून यात्रेकरू आंतल्या मंदिराशीं येतो, तेव्हां तो बुचकळ्यांत पडतो. तीर्थ तर अतिप्राचीन. परंतु चार कुंपणांआडून दिसणारें गवतानें शाकारलेलें छप्पर फार तर वीस वर्षांचें असतें!

या कोड्याचें उत्तर शेजारच्या मोकळ्या जागेंत आहे. दर वीस वर्षांनीं त्या जागेवर हिनोकी वृक्षाच्या लांकडाचें हुबेहूब तसेंच देवालय उभारतात, रात्रीच्या अंधारांत देवतेला नव्या घरीं नेतात आणि मग जुनें उतरवितात. सम्राज्ञी जितो हिच्या काळीं, इ. स. ६९० मध्यें, आंतल्या मंदिराचा हा विधि प्रथम झाला. ६२ वा २०१३ सालीं झाला. जमिनींत पुरलेले बिनरंगी खांब ओलसर हवेंत फार टिकत नाहींत, हें खरेंच. परंतु वीस वर्षांच्या या अवधीमुळें ऐन विशींतला शिकाऊ सुतार पुढच्या खेपेस कसबी होतो आणि त्यापुढच्या खेपेस इतरांना शिकवितो.

तथापि ही परंपरा आपोआप चालली, असें मात्र नाहीं. यादवी युद्धांत द्रव्यबळ सरलें आणि आंतल्या मंदिराचें नवनिर्माण १४६२ नंतर तब्बल १२३ वर्षें खोळंबलें. तें पुन्हां घडविण्याचें मोठें श्रेय केइको-इन मठाच्या बौद्ध भिक्षुणींना आहे. सेइजुन हिनें वर्गणी जमवून १५४९ सालीं उजी पूल बांधविला व १५६३ सालीं बाहेरचें मंदिर नवें करविलें. तिची वारस शुयो हिच्या खटपटीनें, नोबुनागा व हिदेयोशी यांच्या साहाय्यासह, १५८५ सालीं आंतलें मंदिर उभें राहिलें. ज्या क्षेत्रीं बौद्ध शब्द उच्चारणेंही वर्ज्य होतें, मुंडित भिक्षूला ‘लांबकेशा’ म्हणण्याची चाल होती, त्याच क्षेत्राचें व्रत भिक्षुणींनीं राखलें!

१९४५ च्या पराभवानंतर सरकारी आश्रय संपला व १९४९ चा विधि पुढें ढकलावा लागला. पूल मात्र त्याच वर्षीं नवा झाला, आणि १९५३ सालीं लोकांच्या देणग्यांवर मंदिरेंही उभीं राहिलीं. सेइजुनप्रमाणें याही वेळीं आरंभ पुलापासूनच झाला. पुढील विधि २०३३ सालीं योजिला आहे.