पुढच्या चाकांची थरथर

रस्त्यावरच्या खड्ड्यात पुढचे चाक आदळते आणि जुन्या जीपचे स्टीअरिंग चालकाच्या हातात इतक्या जोराने डावी-उजवीकडे थडथडू लागते, की गाडीचा वेग अगदी कमी केल्याशिवाय ते शांत होत नाही. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी वॉबल मारते’. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : पुढे कुठेतरी ढिले झाले आहे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे समजून घ्यायला मोटार अभियंत्यांना १९२०चे दशक जवळजवळ सगळे खर्ची घालावे लागले.

आधी, पुढच्या बाजूला ढिले होण्यासारखे इतके काय असते ते पाहू. मुंबईत एके काळी धावणाऱ्या व्हिक्टोरियासारख्या चारचाकी घोडागाडीत पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीभोवती फिरतो. सांधा एकच, रचना सोपी. पण एका चाकासमोर धोंडा आला, की त्याचा धक्का खिळीपासून अर्ध्या आसाइतक्या, म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर अंतरावर बसतो आणि आस फिरवू पाहतो. घोडा जुंपलेला असतो तोवर गाडीच्या दांड्या आस सरळ धरून ठेवतात. घोडा काढून घ्या, आणि तेच काम माणसाच्या मनगटांवर येते. तरफेचा नियम येथे फार निर्दय ठरतो.

यावरचा उपाय मोटारीपेक्षा जुना आहे. आस स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या अगदी जवळ, एकेक उभी खीळ बसवून फक्त चाके वळवायची. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७५८च्या सुमारास आपल्या बग्गीसाठी अशी कल्पना मांडली होती. पुढे म्युनिकच्या लँकेन्सपर्गर या गाडी बनवणाऱ्याने ती नव्याने शोधली आणि १८१८मध्ये लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमन यांनी त्याच्या वतीने पेटंट घेतले. रचनेला नाव मात्र आकरमनचे चिकटले. शोधकापेक्षा त्याचा प्रतिनिधी प्रसिद्ध व्हावा, याचे हे चांगले उदाहरण आहे. फ्रान्समध्ये अमेदे बोले यांच्या १८७३च्या वाफेच्या गाडीत ही रचना होती. तरीही कार्ल बेंझ यांना चार चाके समाधानकारक वळवण्याची युक्ती सापडेना, म्हणून त्यांची १८८६ची पहिली मोटार तीनचाकी झाली. चारचाकीसाठीचे त्यांचे पेटंट १८९३चे आहे.

धक्क्याची तरफ ७० सेंटिमीटरवरून काही सेंटिमीटरवर आली, पण फुकट नव्हे. एका खिळीच्या जागी दोन किंगपिन आले. दोन्ही चाके एकत्र वळावीत म्हणून टाय रॉड आला, त्याच्या दोन टोकांना दोन सांधे आले. शिवाय ड्रॅग लिंक, स्टीअरिंगची पेटी, चाकांची बेअरिंगे. प्रत्येक ठिकाणी झीज होणार आणि प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी झीज मिळून स्टीअरिंगमध्ये ‘प्ले’ येणार.

१९२०च्या दशकात दोन सुधारणा पाठोपाठ रूढ झाल्या. पुढच्या चाकांनाही ब्रेक आले आणि १९२३पासून कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर आले. गाडी लवकर थांबू लागली, धक्के कमी झाले. पण पुढची चाके भयंकर थरथरू लागली, आणि तीही कोऱ्या करकरीत गाड्यांची! तिथे झीज कसली आणि ढिलेपणा कसला? सांधे कितीही आवळले तरी थरथर जात नव्हती. फार तर ती थोड्या जास्त वेगाला सुरू होई.

याचे एक कारण तुम्हाला वर्गात दाखवता येईल. सायकलचे पुढचे चाक काढा, आसाची दोन टोके दोन हातांत धरा आणि कुणाकडून तरी चाक जोरात फिरवून घ्या, वरची कड आपल्यापासून दूर जाईल असे. आता डावा हात झटकन वर उचला. चाक उजवीकडे वळू पाहते! हाच जायरोस्कोपचा गुण. जीपसारख्या गाडीत दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात. डावे चाक उंचवट्यावर चढले की आस कलतो, दोन्ही चाके कलतात आणि दोन्ही उजवीकडे वळू पाहतात. उलट, चाके वळली की तीच आसाला कलवू पाहतात. कलणे आणि वळणे अशी दोन आंदोलने एकमेकांना जुंपली जातात. जड ब्रेक आणि मऊ टायर यांनी नेमके आस कलण्याचे आंदोलन संथ करून ते वळण्याच्या आंदोलनाच्या जवळ आणून ठेवले.

पण आंदोलन चालू राहायला ऊर्जा लागते. ती कुठून येते? इथे टायरचा विचार करावा लागतो. १९२५मध्ये फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिये यांनी दाखवून दिले, की बाजूने बल लागले असता टायर आपल्या प्रतलाच्या दिशेने सरळ न जाता किंचित तिरपा सरकत जातो. त्याचे रबर वाकते आणि सावरायला थोडे अंतर घेते. त्यामुळे चाक वळले, तरी त्याला परत आणणारे बल जरा उशिराने येते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसे हे उशिराचे बल प्रत्येक हेलकाव्यात थोडी भर घालते, आणि ही भर गाडीच्या पुढे जाण्याच्या गतीतून, म्हणजे शेवटी इंजिनातून येते. जर्मनीत बेकर, फ्रोम आणि मारून यांनी १९३१मध्ये या आंदोलनांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. टायरच्या शास्त्राची सुरुवात बरीचशी या कटकटीतून झाली, हे मला फार गमतीचे वाटते.

सांध्यांतला ढिलेपणा ही ऊर्जा पुरवत नाही. तो फक्त आंदोलनाला मोकळी जागा देतो आणि त्याला शमवणारे घर्षण कमी करतो.

खरा उपाय होता आसच काढून टाकण्याचा. लान्शिया लँब्डा या इटालियन गाडीत १९२२मध्येच दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होत होती. रोल्स-रॉइसमधून १९३०मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३४च्या गाड्यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. चाक जवळजवळ सरळ वर गेले, कलले नाही, की जायरोस्कोपला वळवायला कारण उरत नाही. आपल्याकडच्या अॅम्बॅसॅडरची पुढची चाके अशीच स्वतंत्र होती. जुन्या महिंद्रा जीपला मात्र अखंड आस होता.

आता निदानाकडे येऊ. हात थरथरले म्हणजे सांधेच ढिले, असे नव्हे. चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरला तर ताशी ७२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने, चाक सेकंदाला १० फेरे घेते. थरथर अशा एका ठराविक वेगालाच येत असेल आणि पुढे-मागे नाहीशी होत असेल, तर प्रथम चाकाचे बॅलन्सिंग तपासावे. खड्ड्यात चाक गेल्यावर ‘खट्’ असा आवाज येत असेल, सरळ रस्त्यावर गाडी भरकटत असेल, तर सांधे संशयास्पद.

त्यासाठी मागच्या चाकांना दगड लावून, पुढचे चाक जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवतात. चाक वरून आणि खालून धरून हलवले की बेअरिंग आणि किंगपिन (नव्या गाड्यांत बॉल जॉइंट) यांचा प्ले कळतो. डावी-उजवीकडून धरून हलवले की मुख्यतः टाय रॉडच्या टोकांचा. बेअरिंग की किंगपिन, हे कसे ठरवायचे? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगतात. ब्रेकमुळे फिरणारे चाक न फिरणाऱ्या भागाशी जखडले जाते आणि बेअरिंगचा खेळ बाद होतो. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, तरीही हलतच राहिले तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. एका वेळी एकच सांधा बाद करण्याची ही पद्धत प्रयोगशाळेतही वापरतात, फक्त तिथे तिला भारदस्त नाव असते.