दारावर कोण आलंय?

मराठी घराचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्याने दारापासून सुरुवात करावी असं माझं बरेच दिवसांचं मत आहे. घरातली माणसं कुणाची वाट बघतात आणि कुणाला भितात, ते दारावरून जितकं कळतं तितकं दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून कळत नाही.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं ते आमच्या सोसायटीच्या फाटकावर लागलेल्या नव्या पाटीचं. 'विक्रेते व फेरीवाले यांना आत येण्यास सक्त मनाई आहे.' पुण्यात पाटीचं अप्रूप ते काय! पण ही पाटी वाचताना मनात आलं, की ही मनाई नक्की कधी सुरू झाली? आपल्या आजीच्या वेळी तर निम्मा बाजार दारातच भरायचा. मग थोडी शोधाशोध केली, थोडं आठवलं, थोडं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यातून जे जमलं ते इथे मांडतोय.

आधी एक गैरसमज दूर करू. 'पूर्वी दारं सताड उघडी असायची' हे आपण फार कौतुकाने सांगतो, पण ते अर्धंच खरं आहे. वाड्याचा मोठा दरवाजा आठवा. त्याच्या पोटात एक छोटं दार असायचं, दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही ती आहे. दिंडीतून आत यायचं तर वाकावं लागतं आणि एका वेळी एकच माणूस येऊ शकतो. म्हणजे पाहुण्याचं डोकं आधी आत, पाय मागून! आतल्या माणसाला येणारा कोण आहे ते निवांत बघता येतं. दिंडीच्या आत देवडी, तिथे राखणदार. ज्यांची वाडा बांधायची ऐपत नव्हती त्यांच्या घराला ओटा आणि ओसरी होती. कासार बांगड्या भरायला बसे तो ओसरीवर. बोहारणीशी जुन्या लुगड्यावरून घासाघीस चाले ती ओट्यावर. कल्हईवाला भाता लावायचा तो अंगणात. चाकू-सुऱ्यांना धार लावणारा तर रस्त्यावरच उभा राहायचा. यातलं कुणी माजघरात येत नसे. अर्थात या अंतरात जातीपातीचाही मोठा वाटा होता, ते विसरून चालणार नाही. पण सुरक्षेपुरतं बोलायचं तर जुन्या घराला 'बाहेर' आणि 'आत' यांच्या मधली एक जागा होती. अनोळखी माणसाशी तिथे बोलता यायचं, सावलीत बसवून पाणी देता यायचं, आणि तरीही घर बंदच राहायचं.

शिवाय येणारा पुरता अनोळखी नसे. वासुदेव, पिंगळा, गोंधळी, भराडी यांच्या फेऱ्या ठरलेल्या, गावं ठरलेली. बोहारणीला घरातल्या लेकी-सुनांची नावं पाठ. तिने फसवलं तर पुढच्या फेरीला तिलाच त्या गल्लीत यायचं असायचं. हा खरा जामीन!

आणि दारावर येणाऱ्यांनी महाराष्ट्राला काय कमी दिलंय? अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला तो माणशी एक पैसा मागून. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. महर्षी कर्व्यांनी १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं, तेव्हा त्यांची पंच्याहत्तरी उलटून गेलेली होती, आणि त्या वयात ते वर्गणीसाठी लोकांच्या दारात जात. केशव पेंढारकरांनी १९५२ साली परळला विको सुरू केली, तेव्हा दंतमंजन घरोघर फिरूनच विकलं जायचं. कुणीतरी दार उघडलं, म्हणून यातलं प्रत्येक काम पुढे सरकलं.

मग दारावरच्या माणसाचं आणि आपलं बिनसलं कुठे?

एक धागा जरा मागे जातो. १८७१ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने फेरीवाल्यांचा कायदा केला. चांगल्या वर्तणुकीच्या माणसाने पोलिसांकडून दाखला घ्यावा आणि खुशाल दारोदार माल विकावा. त्याच वर्षी इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेत लागू झाला, पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही. म्हणजे तिकडे फिरत्या माणसाच्या हातात दाखला, आणि इकडे फिरत्या जमातींच्या कपाळावर जन्मतःच शिक्का. सोलापूरला तर काटेरी तारांच्या आतली सेटलमेंट होती. हा कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. कायदा गेला, पण 'पाल टाकून राहणारे म्हणजे चोर' हे आपल्या मनातलं कलम काही रद्द झालं नाही. भामट्या हा शब्द मुळात एका जमातीचं नाव होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

दुसरा धागा पुण्याचा. १९७६. जोशी-अभ्यंकर म्हटलं की त्या पिढीतली माणसं अजूनही क्षणभर गप्प होतात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे खून झाले. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत एकाच घरातले तिघे. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात पाच जण. त्यांत संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे वयोवृद्ध काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, आणि घरकाम करणारी बाईही होती. मारेकऱ्यांनी तिथे दार फोडलं नाही. त्यांनी बेल वाजवली, आणि घरातल्या मुलाने नेहमीसारखं दार उघडलं.

माझी आई सांगते, त्या हिवाळ्यात दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडायचे. दाराला आतून दुसरी कडी बसली, मग साखळी आली, मग आयहोल. सुतारांना त्या वर्षी फुरसत नव्हती म्हणे. 'कोण आहे?' हा प्रश्न दार उघडून विचारायचा असतो ही पद्धत मोडली, तो बंद दाराआडून विचारला जाऊ लागला. चारही आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली, पण साखळ्या काही कुणी काढल्या नाहीत.

आता यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. शहराने दार बंद केलं ते बोहारणीला, कल्हईवाल्याला, भिक्षेकऱ्याला. आणि मारेकरी कोण होते? एका नामांकित कला महाविद्यालयातले विद्यार्थी. स्वच्छ कपड्यांतले, आपल्यासारखं बोलणारे. त्यांचा पहिला बळी तर त्यांच्याच ओळखीतला, कॉलेजातलाच मुलगा. म्हणजे भीती खरी होती, पण तिचं बोट चुकीच्या दिशेला गेलं!

त्याच सुमाराला वाडे पडून फ्लॅट उभे राहत होते. फ्लॅटने आपल्याला नळ दिला, संडास घरात दिला, पण ओसरी काढून घेतली. दार उघडलं की थेट सोफा. म्हणजे येणाऱ्याला एकतर बाहेर ठेवा नाहीतर पार घरात घ्या, मधलं काही उरलंच नाही. ऐंशीच्या दशकात टाय लावलेले सेल्समन आले ते या दारात. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने व्हॅक्यूम क्लीनर आणि पाण्याची यंत्रं घराघरांत जाऊन, चालवून दाखवून विकली. ते प्रात्यक्षिक दाराबाहेर कसं होणार? गालिचा आत, नळ आत. त्या मुलांचं काम मोठं जिकिरीचं होतं. भर दुपारी चार मजले चढायचे आणि दहापैकी नऊ दारं तोंडावर बंद. माझा एक मित्र वर्षभर हे काम करत होता. तो म्हणायचा, "नाही म्हणणाऱ्याचं काही वाटायचं नाही रे, आयहोलमधून बघून श्वास रोखून उभं राहणाऱ्याचं वाटायचं."

यावर आपण शोधलेला तोडगा म्हणजे सेफ्टी डोअर. आत लाकडी दार, बाहेर जाळीचं. मला वाटतं ही आपली हरवलेली ओसरीच आहे, फक्त एक इंच जाडीची! समोरचा दिसतो, बोलता येतं, कागद घेता-देता येतो, आणि कडी आतून लागलेली राहते. दिंडीचं कामसुद्धा हेच होतं.

पण जाळीचं दारही उघडणाऱ्याच्या हातात असतं. आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगतो. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या, मुलगा परदेशी. दोन तरुण भांडी चमकवायची पावडर घेऊन आले. आधी तांब्याचा तांब्या लख्ख करून दिला, फुकट. मग देवाचं चांदीचं ताम्हन. मग म्हणाले, "आजी, बांगड्या काळवंडल्यात." अर्ध्या तासाने बांगड्या हातात परत आल्या, हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या, चकाकणाऱ्या. सराफाकडे नेल्या तेव्हा वजन निम्म्याच्या आसपास भरलं. यात जादू काही नाही. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल तीनास एक प्रमाणात मिसळलं की अम्लराज होतं आणि त्यात सोनं विरघळतं. ते लोक पाणी घेऊन जातात, सोनं त्या पाण्यात असतं. खरी हातचलाखी रसायनाची नाहीच. पहिलं काम फुकट करून मिंधं करायचं, आणि विचार करायला उसंत द्यायची नाही, ही ती हातचलाखी.

काकूंनी दहा दिवस हे कुणालाही सांगितलं नाही. लाज वाटली म्हणाल्या. मुलाने लगेच कॅमेरा बसवून घेतला आणि बजावलं, कुणालाही दार उघडायचं नाही. काकूंनी ते तंतोतंत पाळलं. भाजीवाली बंद, इस्त्रीवाला बंद, समोरच्यांशीही जाळीतून दोन शब्द. पुढच्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या. दिवसभर तशाच. कॅमेऱ्याला दार दिसत होतं, आणि दार तर व्यवस्थित बंद होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाल्या मुलाला कडीत कालचा पेपर तसाच दिसला, म्हणून त्याने आमची बेल वाजवली. काकू वाचल्या. त्या पेपरवाल्यालाही आता फाटकावरच पेपर ठेवून जायला सांगावं, असा एक ठराव मध्यंतरी सभेत आला होता. मी विरोधात हात वर केला.

आणि भीती दुसऱ्या टोकाला गेली की काय होतं, तेही आपल्याच राज्यात घडलंय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गावात आले होते. जमावाने पाचही जणांना ठार मारलं. ज्यांच्या पूर्वजांच्या झोळीत आपल्या आज्यांनी पसाभर धान्य घातलं असेल, ते हे लोक. भामट्यांना ओळखता न येणं धोक्याचं आहेच, पण माणूस ओळखता न येणं त्याहून धोक्याचं.

असो. इतिहास उगाळून झाला, आता आमच्या घरी आम्ही काय ठरवलंय ते सांगतो. नातेवाईक मंडळींनी, विशेषतः एकटं राहणाऱ्या माझ्या दोन्ही आत्यांनी, हे जरूर वाचावं.

अनोळखी माणसाशी बोलायचं ते जाळीतून, पण नीट बोलायचं. गॅस, वीज, बँक यांचं नाव सांगितलं तर त्याला थांबवून आपल्याकडच्या पुस्तकावरच्या किंवा बिलावरच्या नंबरला आपण फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरला नाही. कंपन्यांच्या वतीने घरोघर माल विकणाऱ्यांसाठी तर २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियमच केलेत. ओळखपत्र हवं, आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. तेव्हा ओळखपत्र मागायला संकोच नको. दारात पैसे, सही, ओटीपी, दागिने यांपैकी काहीही द्यायचं नाही. घाई करणाऱ्याला एकच उत्तर, "उद्या या." खरा विक्रेता उद्या येतो. एकटे असलो तरी आत कुणीतरी असल्यासारखी हाक मारायची. धोका वाटला तर ११२. हल्ली भामटा दार न वाजवता फोनवरूनच घरात शिरतो आणि पोलिसाचा आवाज काढून 'डिजिटल अटक' करतो. तसली अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. आणि फसलात तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, लाज फसवणाऱ्याला वाटू दे.

शेवटचं कलम माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. रोज दारावर येणाऱ्या निदान तीन माणसांची नावं आपल्याला माहीत हवीत, आणि त्यांना आपलं. आमच्याकडे सध्या दूधवाले काका, पेपरवाला मुलगा आणि कचरा नेणाऱ्या ताई अशी यादी आहे.

तुमच्या लहानपणी दारावर कोण कोण यायचं? त्यांच्या आरोळ्या आठवत असतील तर जरूर कळवा. आमच्या आईला कल्हईवाल्याची आठवते, पण ती कागदावर कशी उतरवायची हा प्रश्न आहे.