धाकट्या पंढरीची वाट : वारीतील धावण्याचा इतिहास

आषाढी वारी म्हणजे पायी चालणे, ही सर्वसाधारण समजूत आहे. पण या चालण्यात ठरावीक ठिकाणी, ठरलेल्या क्रमाने आणि चोपदाराच्या इशाऱ्यावर हजारो माणसे धावतात. वाटेवर किंवा मैदानात होते ते रिंगण आणि उतारावर होतो तो धावा. दोन्ही प्रथांना नियम आहेत, मानाचे क्रम आहेत आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या दिंड्या आहेत. एकत्र धावण्याची महाराष्ट्रातली सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी व्यवस्था कोणती, याचे उत्तर क्रीडासंस्थांच्या दप्तरात शोधण्याआधी या वाटांवर शोधावे लागते. बीड जिल्हा अशा वाटांच्या ऐन मध्यावर आहे.

याच जिल्ह्यातला, बालाघाटच्या रांगेतील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. पंचक्रोशीत त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते आषाढी-कार्तिकीला गडावर येतात आणि ज्यांना जमते ते गडाच्या पालखीबरोबर पंढरीला जातात. गड म्हटले की तट-बुरूज डोळ्यांसमोर येतात, पण बीड-नगर भागात गड म्हणजे बहुधा संतस्थान. तिथे महंतांची परंपरा असते, अन्नदान असते, सप्ताह असतो आणि गावोगावच्या टाळकऱ्यांना एकत्र बांधणारी दिंडी असते. विसाव्या शतकात नारायणगडाच्या माणिकबाबांकडे दीक्षा घेतलेले भगवानबाबा (1896-1965) पुढे या गडापासून वेगळे झाले आणि पाथर्डी तालुक्यात त्यांच्या नावाने भगवानगड उभा राहिला. दोन गडांमुळे परिसरातल्या निष्ठा विभागल्या, पण टाळ-पताकांची शिस्त दोन्हीकडे एकाच मुशीतली राहिली. अलीकडे 2024 च्या दसऱ्याला गडावर झालेल्या मेळाव्यामुळे नारायणगडाचे नाव राज्यभरच्या बातम्यांत आले. गडाची खरी ओळख मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे.

दिंडीची रचना समजल्याशिवाय तिचे धावणे समजत नाही. पुढे भगव्या पताका, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या सरळ रांगा, रांगांच्या मध्ये पखवाजी, पाठीशी विणेकरी आणि त्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा घेतलेल्या स्त्रिया, असा तिचा क्रम असतो. वीणा खाली ठेवायची नाही, हा दंडक. एक विणेकरी थकला की दुसरा पाया पडून ती गळ्यात घेतो. पहाटे काकडा, चालताना वारांचे आणि नेमाचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ असे दिवसाचे वेळापत्रक ठरलेले असते. दिंडीत सामील होणारा वारकरी भिशीचे पैसे भरतो. त्या पैशांतून शिधा, तंबू, सामान वाहणारा ट्रक किंवा ट्रॅक्टर आणि स्वयंपाक्याचा खर्च भागतो. पूर्वी हेच सारे बैलगाडीवर जाई आणि शिधा घरूनच बांधून आणलेला असे. कोणी कुठे चालायचे, कोणी कोणत्या रांगेत उभे राहायचे, आजाऱ्याला गाडीत कधी घ्यायचे हे दिंडीप्रमुख ठरवतो. पंधरा-वीस दिवस रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणारी शेकडो माणसे अशी न भांडता पुढे सरकतात. न भांडता म्हणजे अगदीच न भांडता नव्हे. भांडणासाठीही वारीने जागा राखून ठेवली आहे.

ती जागा म्हणजे रात्रीची समाजआरती. माउलींची, म्हणजे ज्ञानेश्वरांची, पालखी तळावर पोहोचली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, कोणाची रांग कोणी मोडली, पाण्याचा टँकर का आला नाही, हे ऐकून घेतो आणि निवाडा करतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते आणि त्यानंतर आरती. लेखी घटना नसलेल्या या समुदायाचे कामकाज इतक्या जाहीरपणे चालते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही घडी बसवण्याचे श्रेय मुख्यतः दोन माणसांना दिले जाते. प्रचलित नोंदींप्रमाणे तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका आणि आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला जाऊ लागल्या. पुढे देहूकर मंडळींत मानपानाचे वाद झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांनी सोहळ्याला लष्करी बाज दिला, असे म्हणतात ते पटण्यासारखे आहे. तळ, कूच, तंबू, रथापुढच्या आणि रथामागच्या क्रमांकाच्या दिंड्या, चोपदार आणि घोडे या सगळ्याला छावणीचा वास आहे. घोड्यांचा मान अंकलीच्या शितोळे सरकारांकडे गेला. आजही हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात.

रिंगण याच लष्करी वळणातून आकाराला आले, असे मानायला जागा आहे. उभ्या रिंगणात दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेने अश्व दौडतात. माउलींचे पहिले उभे रिंगण लोणंद सोडल्यानंतर चांदोबाच्या लिंबाजवळ होते. गोल रिंगणाला मोठे मैदान लागते. मध्यभागी पालखी, तिच्याभोवती दिंड्या, त्याबाहेर धावण्यासाठी मोकळा सोडलेला गोल पट्टा आणि पट्ट्यापलीकडे बघे. हा पट्टा आखणे आणि मोकळा ठेवणे, म्हणजे रिंगण लावणे, हे चोपदारांचे कौशल्याचे काम असते. लाखभर माणसांना काठीच्या इशाऱ्यावर मागे सारायचे आणि आत आलेल्या एखाद्या पोराला उचलून बाहेर काढायचे, तेही वेळेच्या आत.

मग धावणे सुरू होते. तुकोबांच्या सोहळ्यात, उदाहरणार्थ बेलवाडीच्या रिंगणात, आधी पताकाधारी धावतात. त्यांच्यानंतर तुळशी आणि हंडे घेतलेल्या स्त्रिया, मग विणेकरी, मग पखवाजी आणि शेवटी अश्व. डोक्यावरचे वृंदावन एका हाताने सावरत, नऊवारीचा काष्टा घट्ट करून साठीतल्या बाया ज्या वेगाने फेरी पुरी करतात, तो वेग त्यांच्या रोजच्या चालीवरून सांगूनही खरा वाटणार नाही. माउलींच्या रिंगणात भोपळे दिंडीच्या ध्वजाला पुढे होण्याचा मान आहे. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसरा रिकामा. रिकाम्या घोड्यावर स्वतः माउली बसलेली असते, अशी श्रद्धा आहे. घोडा फेऱ्या पूर्ण करून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. त्यानंतर उडीचे खेळ, फुगड्या, हुतूतू. कोण पहिला आला, हे इथे कोणी मोजत नाही. क्रम आधीच ठरलेला असतो.

धावा याहून वेगळा. माळशिरसहून वेळापूरकडे येताना उंचवटा लागतो. तिथून तुकोबांना पंढरीचे शिखर दिसले आणि ते धावत सुटले, अशी आख्यायिका आहे. तिथे चोपदाराचा इशारा झाला की एकेक दिंडी रांग न मोडता उतारावरून धावत सुटते. गळ्यात पखवाज असलेला माणूस उतारावर धावतो तेव्हा पखवाजाचा तोल कसा राखायचा, हे त्याला आदल्या पिढीने शिकवलेले असते. तुकोबांच्या सोहळ्यात असाच धावा तोंडले-बोंडलेच्या परिसरात होतो.

मराठवाड्याच्या पालख्यांचा इतिहास या मानाने कमी लिहिला गेला. पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी आजच्या बीड जिल्ह्यातल्या रायमोहा, पाटोदा या भागातून परांड्याकडे जाते. रिंगणाची प्रथा तिनेही जपली आहे, मिडसांगवीचे रिंगण प्रसिद्ध आहे. मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून जाते आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी, जी 1968 पासून चालते, जिल्ह्याच्या पूर्वेकडून परळी-अंबाजोगाई मार्गे जाते. नारायणगडाच्या दिंडीला अशा शेजाऱ्यांची सोबत लाभली.

या वाटांचे राजकीय भूगोलाशी नाते मजेशीर होते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर पंढरपूर मुंबई इलाख्यात. म्हणजे नारायणगडाचा वारकरी दरवर्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पायी जात होता. इंग्रजी अमलात पंढरपूरच्या यात्रेवर पटकीच्या साथींमुळे सरकारी नजर असे आणि यात्रेकरूंच्या आरोग्याचे नियम केले जात. 1906 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपूरला पोहोचली. तिकीट काढून बसण्याची सोय झाली, तरी पायी दिंड्या संपल्या नाहीत. गाडीने जाणारा यात्रेकरू आणि पायी जाणारा वारकरी असे दोन वेगळे वर्ग मात्र तेव्हापासून स्पष्ट झाले.

धावणे खेळ म्हणून महाराष्ट्रात आले ते याच सुमारास, आणि शहरांतून. पुण्याचा डेक्कन जिमखाना 1906 चा. तिथल्या 1919 च्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेड्यातले गडी पाहून अध्यक्ष दोराबजी टाटा चकित झाले. नियम ठाऊक नाहीत, शिक्षण नाही, पायात बूट नाहीत, तरी वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला आणि बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंद अशा वेळेत एकोणिसावे आले. टाटांना जो अचंबा वाटला तो शहरी माणसाचा होता. ज्या मुलखात वारीत म्हाताऱ्या माणसांचाही रोजचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटरचा असतो, तिथे त्यात नवल करण्याजोगे फारसे नव्हते. पुढे 1983 मध्ये पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन, 2004 मध्ये मुंबईची आणि 2012 मध्ये साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. त्यांच्या आगेमागे गावोगाव पहाटे एकत्र धावणाऱ्या रनर्स ग्रुपांची लाट आली.

बीड जिल्ह्यात धावण्याला तिसरे कारण मिळाले, ते भरतीचे. कोरडवाहू शेती, ऊसतोडीचे स्थलांतर आणि हाताला काम नाही, अशा गावांत पोलीस आणि सैन्यभरती ही घर वर काढणारी वाट ठरली. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. म्हणून पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे इथे रोजचे दृश्य आहे. क्लब नाही, प्रशिक्षक नाही, वर्गणी नाही. भरती झालेला एखादा मोठा भाऊ सुट्टीवर आला की मोबाइलवर वेळ लावून धाकट्यांना पळवतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच मातीतला. 1994 चा जन्म, लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायपीट, मग महार रेजिमेंटमध्ये भरती आणि सैन्यातच धावपटू म्हणून घडण. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8:11.20 अशा वेळेत रौप्य मिळवले. सुवर्णपदकापासून तो अवघे 0.05 सेकंद दूर राहिला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91 चा राष्ट्रीय विक्रम आणि त्याच वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा क्रमांक.

वारीतले धावणे दोन वर्षे थांबले. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे मानाच्या पालख्यांच्या पादुका बसने पंढरपूरला नेल्या गेल्या, मोजके वारकरी सोबत होते आणि वाटेवरची रिंगणे झाली नाहीत. 2022 मध्ये वारी पूर्ववत झाली. त्याआधीच, नोव्हेंबर 2021 मध्ये आळंदी आणि देहूच्या दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली होती. रस्ता रुंद होणे वारकऱ्याच्या सोयीचे आहे. गोल रिंगणाचे मैदान ही मात्र रस्त्याबाहेरची गोष्ट आहे. आसपास वस्ती वाढली की मैदान आक्रसते आणि पट्टा लहान झाला की धावणाऱ्यांचा क्रम राखणे अवघड होते.

आळंदी-देहूच्या सोहळ्यांवर पुस्तके आहेत, नकाशे आहेत, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आहेत. नारायणगडासारख्या गडांच्या दिंड्यांचा इतिहास मात्र भिशीच्या वह्यांत, मुक्कामांच्या याद्यांत आणि म्हाताऱ्या विणेकऱ्यांच्या आठवणीत विखुरलेला आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी या वह्या वाळवीच्या आधी गाठाव्यात आणि ही माणसे हयात असतानाच त्यांच्याकडून सारे लिहून घ्यावे.